लहानात लहान उदाहरण

प्रिय धाकट्या,

बाबांच्या सॉफ्टवेअरच्या ऑनलाइन चर्चेत तू लिहिलेलं सगळं वाचलं. बाबांचा मंजुरीचा अधिकार काढून घ्यायला तुझा विरोध आहे, आणि तो तू अगदी मुद्देसूद मांडला आहेस. लहानपणी पाढे चुकलास तरी असाच ठासून बोलायचास. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. हल्ली काहीच येत नाही. दूध उतू जायला लागलं की उठून गॅस बंद करते, तेवढं जमतं.

तुझाही दोष नाही. तुझ्या फोनवर बाबा छानच बोलतात. समीकरणं, कुणी कुठे घोळ घातला, सगळं. फोन ठेवला की मला विचारतात, कोण होतं? हे तुला सांगितलं तर म्हणालास, ताई, तू राईचा पर्वत करतेस. असेल रे. दुरून डोंगर साजरे.

चर्चेतल्या त्या मंडळींनाही काय बोलणार? बाबांनी एकट्याने लिहिलेलं गणिताचं सॉफ्टवेअर, जगाला फुकट देऊन टाकलेलं. आज कुठली कुठली माणसं त्यात सुधारणा पाठवतात, त्यावर कुणी पुलांचे हिशेब करतं, आणि बाबांच्या होकाराशिवाय एक ओळ आत जात नाही. मागे त्यांनी भागाकार बिघडवणारा एक बदल मंजूर केला, मग त्याची दुरुस्ती नाकारली, मग तोच बदल पुन्हा मंजूर केला. तरी चर्चेत 'विसरतात' हा शब्द एकानेही वापरला नाही. सरांवरचा भार हलका करू या, असं लिहिलंय. त्यांच्यातल्या, आपल्याकडे राहून गेलेल्या त्या दाढीवाल्याने मला खासगीत विचारलं, घरी सगळं ठीक ना? मी भिडेपोटी ठीक म्हटलं.

तू मात्र त्यांच्यापुढे बाबांचाच नियम ठेवलास. लहानात लहान उदाहरण दाखवा. तो आपल्या घरातही होताच. तक्रार नेली की म्हणायचे, आधी जास्तीचं सगळं काढून टाक. एवढंसं उरलं आणि तरी चुकलं, तर ती खरी चूक. सायकल अडते म्हटलं तर आधी नुसतं चाक फिरवून बघायला लावायचे. मंडळींनी दिलेली उदाहरणं तू एकेक करून उडवलीस. शुक्रवारी चर्चा बंद होईल, आणि सरांचा मुलगाच नको म्हणतोय म्हटल्यावर कुणी रेटणार नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. काल दुपारी मी बाबांना हे सगळं सांगितलं. चिडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "लहानात लहान उदाहरण दे." मी खुर्ची ओढून समोर बसले. भागाकार काढून टाकला, मंजुऱ्या काढल्या, तारीख-वार काढले. उरलं तेवढं विचारलं.

"बाबा, मी कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, संगणकाच्या पडद्याकडे बघतात तसं, मन लावून. मग म्हणाले, "बरोबर आहे. याहून लहान होणार नाही. तुम्ही तक्रार नोंदवून टाका."

ती मी तुझ्याकडे नोंदवतेय. चर्चेत हे काही टाकू नकोस. विरोध मागे घेतो, एवढंच लिही.

तुझी तरी,
ताई