गाळलेली पानं

सोमवार, ३ मार्च

बायको आज पुन्हा हसली. एकटीच, पुस्तकात तोंड घालून! मी समोर बसलेला, हातात पेपर, पान चार उघडं — आणि हिचे खांदे हलतायत.

म्हटलं, "काय एवढं?" तर म्हणे, "काकूचं मांजर हरवलंय." मांजर! इथे पेपरात एका घरातले तिघे गेले, आणि हिला मांजराची पडलीय. तसं बोललो, तर वर मलाच ऐकवलं — "तुमच्या पेपरात रोज कुणीतरी मरतंच. माझं मांजर बघा, दोन पानांत परत येईल. दूधही पिईल."

पेपर पुन्हा वर धरला. पान चार मी का वाचतो ते तिला ठाऊक आहे. बेवारस सापडलेल्यांची वर्णनं तिथे येतात. उंची, शर्टाचा रंग, अंगावरच्या खुणा. आमचा धाकटा घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली. कुणीतरी बघायला हवं ना!

बुधवार, ५ मार्च

ही असली हलकीफुलकी पुस्तकं हिला देतो तो कोपऱ्यावरच्या वाचनालयातला मास्तर. शाळेतून निवृत्त, बायको वारलेली, शर्टाला कडक इस्त्री. हिला "वहिनी" म्हणतो. मी कधी झालो ह्याचा भाऊ?

"वहिनी, हे तुमच्यासाठी मुद्दाम बाजूला काढून ठेवलंय." आणि ही घरी येऊन मला तसंच्या तसं सांगते! वर म्हणते, "किती वाचलंय हो त्यांनी!"

वाचलं असेल. मी चौतीस वर्षं छापखान्यात बाइंडिंग केलं. हजारो पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचतो. म्हणून काय झालं? ह्याला एक टाका तरी घालता येतो का?

शुक्रवार, ७ मार्च

दुपारी भाजी निवडून झाली की ती मला मोठ्यानं वाचून दाखवते. मी पेपर आड धरून बसतो. ऐकत नाही असं दाखवतो. ऐकतो.

आज पकडलं! कालपर्यंत गोष्टीतल्या मुलीचा भाऊ लांब कुठे बोटीवर होता. सात वर्षं पत्ता नाही. आज एकदम घरात जेवायला बसलेला!

"हा आला कधी?"

"आला असेल. तुम्हाला काय करायचंय? जेवू दे की त्याला."

पानं गाळते. लक्ष नाही तिचं. कुठे आहे तेही कळतं मला.

शनिवार, ८ मार्च

पेपरात बातमी — पासष्टीच्या माणसानं संशयावरून बायकोला — पुढे वाचलं नाही. अर्धी बातमी सोडायची ही पहिलीच वेळ. रात्री दाराची कडी तीनदा बघितली, जणू ती बातमी आत येणार होती.

सोमवार, १० मार्च

चिठ्ठी सापडली!!

ती आंघोळीला गेली होती. पुस्तकात होती, मास्तरचं वळणदार अक्षर — "१४३ ते १४६. पुढे निर्धास्त." पानांचे आकडे ते. हे मला कुणी शिकवायला नको.

प्रेमाची पानं असणार. दुसरं काय! तो खुणा करून देतो, ती माझ्यापुढे गाळते आणि मागून एकटी वाचते. त्रेचाळीस वर्षांचा संसार, आणि हिच्यासाठी चार पानं बाहेरून येतात!

१४३ काढणार तोच न्हाणीघराची कडी वाजली. चिठ्ठी होती तशी ठेवली. चहा प्यायलो. कडू लागला. साखर होती म्हणे.

मंगळवार, ११ मार्च

वाचनालयात गेलो. आज काय तो सोक्षमोक्ष! 

मास्तर उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसला. म्हणाला, "बरं झालं आलात. वहिनींकडचं पुस्तक खिळखिळं झालंय. बांधून द्याल? तुमच्यासारखा हात आता कुठे मिळतो! वहिनी नेहमी सांगतात."

नेहमी सांगतात! म्हणजे गप्पा रंगतात तर.

सोक्षमोक्ष राहिला बाजूला. "देतो" म्हणून आलो. गाढव मी! वर त्याचा चहाही पिऊन आलो.

गुरुवार, १३ मार्च

ट्रंकेतून दाभण, दोरा, घडी दाबायची हाडाची पट्टी काढली. खळ शिजवली. खळीचा वास आला आणि हात आपोआप चालायला लागले. पुस्तक उसवलं, फर्मे — घडी घालून शिवलेले पानांचे गठ्ठे — सुटे केले. १४३ समोर आलं.

वाचलं नाही. वाचायची हिंमत झाली नाही. पातं लावलं आणि ते पान न् पुढचं पान मुळातून कापलं. चिठ्ठीही त्यातच घातली. घडीच्या पलीकडची त्यांच्या जोडीची पानं सुटी पडली, ती खळीनं चिकटवली, पुन्हा शिवलं, नवा पुठ्ठा चढवला. आकडे न बघता कुणाला पत्ता लागणार नाही. चौतीस वर्षांत दुसऱ्याच्या पुस्तकाचा कोपरा फाडला नव्हता मी. आमच्या धंद्यात ह्याहून मोठं पाप नाही.

ती पुस्तकावरून हात फिरवत म्हणाली, "अगं बाई! नवंच केलंत की. मास्तरांना दाखवते."

दाखव.

शुक्रवार, १४ मार्च

ती बाजारात गेली तेव्हा कापलेली पानं काढली. बोट ठेवून वाचली. तास लागला.

प्रेम नाही. बोटीवर गेलेला तो मुलगा दारात उभा राहतो. आई काही विचारत नाही. म्हणते, "आधी हात धू. गार होतंय." एवढंच आहे चार पानांत.

चिठ्ठी उलटली. मागे हिचं अक्षर — "मास्तर, मुलगा परत येतो ती पानं आधी कळवत जा. यांना सोसणार नाही."

पानं खळीनं परत बसवली. दुपारी पुस्तक तिच्या हातात दिलं. म्हटलं, "मागे जा. बोटीवरचा कसा आला, ते वाच."

माझ्याकडे बघितलं. वाचायला लागली. "आधी हात धू" पाशी तिचा आवाज अडला. पुढची ओळ मी वाचली. बोट ठेवून.