वैष्णवीची सही

बेटेगाव, ४ नोव्हेंबर २०२४

ती. विश्रामदादास,
सुलूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोलले तर सूनबाई वैष्णवी ऐकेल, म्हणून पत्र. तिला जरा कामाला लावलं की धाप लागते. मला वाटलं, सोंग आहे. पण पालघरच्या डॉक्टरांना छातीत वेगळाच आवाज आला. मुंबईच्या तपासणीत कळलं, हृदयाला रक्त पुरवणारी एक नस जन्मापासूनच उजव्या कप्प्यात उघडते. रक्त मधल्यामध्ये पळतं. आता मांडीतून बारीक नळी नेऊन ती वाट बुजवणार म्हणे. मांडीतून हृदयात? मला तर थोतांड वाटतं.

आणि जन्माचं दुखणं आईला ठाऊक नाही, असं होईल का? लग्नात लपवलंच त्यांनी. तू तिच्या माहेरी, दांडीला जाऊन तिच्या आईला, जमनाबाईंना विचार. केदारला, माझ्या लेकाला, कळू देऊ नकोस.

वहिनीस नमस्कार. माया असू दे.
तुझी,
सुलू

नवापूर, ९ नोव्हेंबर

चि. सौ. सुलूस, अ. उ. आ.

दांडीला गेलो. जमनाबाई म्हणाल्या, आमाला ठावं असतं तर पोरीला तशीच ठेवली असती काय? पोर समुद्रात पोहायची, कदी काय झालं नाय. मला ते खरं वाटलं. तरी पालघरच्या डॉक्टरांना भेटलो. असा दोष वर्षानुवर्षं गप्प राहतो, म्हणाले. नळीचा उपाय सगळ्यांना चालत नाही, हिला चालेल. थोडा धोका आहे, पण थांबलो तर हृदय थकत जाईल.

दांडीहून निघताना जमनाबाईंनी विचारलं होतं, पोरीला परत पाठवणार काय? हे त्यांच्या मनात कोणी घातलं, ते तूच आठव.

घरच्यांस आशीर्वाद. रागावलीस तरी लिही.
तुझा,
विश्राम

बेटेगाव, २ डिसेंबर

ती. दादास, सा. न.

दवाखान्यात वैष्णवीने नळीच्या उपायाच्या संमतीच्या कागदावर ऐनवेळी सही करायचं नाकारलं. केदारला बाहेर पाठवून मला म्हणाली, की आई, बरी करून माहेरी सोडणार असाल तर आत्ताच सांगा. तिला परत माहेरी धाडायचं शेजारच्या शकूजवळ मी बोलले होते, ते सगळं तिने ऐकलं होतं. जमनाबाईंना आत बोलावून त्यांच्यासमोर सांगितलं, की ही इथून माझ्याच घरी येणार. तिने कागद पुढे ओढला. मग सही केली.

नळीतून बारीक तारेचं वेटोळं सोडून वाट बंद केली. छातीवर ओरखडाही नाही. आता ती घरभर फिरते, धाप नाही.

पण परत जावं लागलं तर म्हणून तिने माहेरहून आणवून भरून ठेवलेली बॅग अजून तशीच दाराशी होती. मी हात लावला नाही. आज तिने अर्ध्या साड्या कपाटात ठेवल्या. उरलेल्यांचं मी विचारलं नाही.

बहिणीवर लोभ राहू दे.
सुलू