बंगल्यामागच्या खोल्या

प्रिय स्वप्निल,

फोनवर तू 'बरी आहेस ना' विचारतोस आणि मी हो म्हणून मोकळी होते, म्हणून लिहायला बसले. अकोटला बदली झाली आणि क्वार्टर मिळेपर्यंत राहायला मिळाला तो नेमका आपला बंगला. म्हणजे ज्याच्या मागच्या खोल्यांत आपण वाढलो तो. बाबा इथे खानसामा असताना ज्या व्हरांड्यात आपल्याला चढायची मुभा नव्हती, तिथे आता माझी खुर्ची असते. बसवत मात्र नाही. रोज पलंग या खोलीतून त्या खोलीत ओढते.

अभियंता म्हणून बघितलं तर घर देखणं आहे. कापसाच्या मुलखात फिरतीवर येणाऱ्या इंग्रज साहेबासाठी बांधलेलं. उंच जोतं, चहूबाजूंनी व्हरांडा, हातभर जाड भिंती, छपराजवळ झरोके; मे महिन्यातही आत गारवा. धुराचा वास साहेबाला येऊ नये म्हणून स्वयंपाकघर मागे, लांब. त्याला लागून आपली टिनाच्या छपराची खोली. दार पश्चिमेला, खिडकी नाही. दोन्ही एकाच माणसाने आखलं असेल. वाऱ्याचं त्याला सगळं कळत होतं.

आता बंगला जतन होणार आणि खोल्या पाडणार, असं आमच्या बांधकाम खात्यात ठरलं. मी हट्टाला पेटले. खोल्याही राखा, नाहीतर लोक नुसता साहेबाचा थाट बघून जातील, असं वरिष्ठांना पटवून काम थांबवलं, आणि मोठ्या खुशीत बाबांना दाखवायला आणलं.

ते आत गेलेच नाहीत. बाहेरूनच तापलेल्या भिंतीला हात लावून म्हणाले, "तुही माय इथं शिजून निघाली, दीक्षा. तापानं फणफणली तवा तिले व्हरांड्यात निजू द्या म्हनलं, तर साहेब नाही म्हने. अन् तू हे वाचवून राहिली?"

आई तापाने गेली एवढंच आपल्याला माहीत होतं. तू तर तेव्हा पाळण्यात होतास. आणि तो साहेब इंग्रज नव्हता रे. इंग्रज कधीचे गेले होते.

मी माझं म्हणणं मागे घेतलं. पटलं म्हणून नाही. बाबांसमोर बोलता येईना म्हणून. रविवारी खोल्या पाडतील. पहारीचा पहिला घाव बाबा घालणार आहेत, दुसरा तुझ्या हातचा हवा म्हणतात. त्यांच्यासाठी ये. माझ्यासाठीही ये, ती भिंत पडताना मला तिथे एकटीला उभं राहवणार नाही.

तुझीच,
दीक्षाताई