एका आंगणातली दोन पाती

३ ऑगस्ट, रविवार
पातं तुटलं! गवत कापायच्या मशीनचं. तुळशीमागच्या चिऱ्यावर आपटलं आणि टोकाचा तुकडा उडून थेट वयनीच्या अबोलीत जाऊन पडला. मशीन दादा चालवत होता. चूक अर्थातच चिऱ्याची. आजोबांच्या काळापासून तो तिथेच आहे, पण आज नेमका मध्ये आला.

आंगणात लॉन हवं ही हौसही दादाचीच. धारगळला बाहेरच्यांचे बंगले झाले, ते बघून आला आणि शेणाने सारवलेलं आंगण खणून गवत लावलं. आंगणाच्या एका बाजूला त्याचं नवं घर, दुसऱ्या बाजूला मूळ घर, त्यात मी आणि शुभांगी. चुली वेगळ्या झाल्या. मशीन तेवढं दोघांचं, आणि गणपती. तो मूळ घरात, एकच. चवथीला सगळं गोत याच गवतावरून येणार, तेव्हा पातं हवं आणि लवकर हवं.

५ ऑगस्ट
दादाने मला न विचारता ऑनलाइन पातं मागवलं. मीही त्याला न विचारता म्हापशाहून आणलं. भाऊच ना आम्ही!

८ ऑगस्ट
दादाचं पातं आलं. खोक्यावर लिहिलंय — 'आयुष्यभर धार'. कोणाचं आयुष्य, ते छापायचं राहिलं.

तुयेच्या फॅक्टरीत मी माल तपासायचाच पगार घेतो, तेव्हा सोडतो काय! दोन्ही पाती मधल्या भोकातून खिळ्याला अडकवली. माझं आडवं राहिलं. दादाचं एका बाजूला कललं, जेवणानंतर गोकुळदास वाणी दुकानात कलतो तसं. कानस फिरवली तर साबणासारखं निघायला लागलं. शिवाय मधलं भोक मोठं. दादाला सांगितलं. त्याने एक वॉशर घातला आणि म्हणाला, बसलं. हे झालं त्याचं संशोधन.

१० ऑगस्ट, रविवार
आज समोरासमोर परीक्षा. तुळशीपर्यंत दादाने त्याच्या पात्याने कापलं, पुढचं मी माझ्या पात्याने. त्याच्या हातात मशीन असं थरथरत होतं की ते गवत कापतंय की ताप आल्यासारखं कापतंय ते कळेना. पातं बदलताना प्लगची वायर काढ म्हटलं, तर म्हणे, आता सुट्टीच्या दिवशीही साहेब आले!

११ ऑगस्ट
निकाल! त्याच्या बाजूच्या गवताची टोकं फाटलीत, पिवळी पडलीत. कापलेलं नाही, ओरबाडलेलं. माझी बाजू हिरवीगार. शुभांगीला दाखवलं. तिचा अभिप्राय — "गवत तें. गोरवां विचारतलीं काय, खंयच्या पात्याचें म्हूण?"

दोन्हीकडची एकेक मूठ घेऊन दादाकडे गेलो. तो चहात पाव बुडवत होता. बशीशेजारी दोन्ही मुठी ठेवल्या. त्याने पाहिलं, पाव खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "लोकांच्यो चुको सोदून पोट भरता तूं. घरांत तरी नाका रे."

लागलं. खूप लागलं. पण टोकं पिवळीच होती, ते कोण बोलणार?

१४ ऑगस्ट
बोलणं बंद. गवत वाढतंय, त्याला आमचं काही पडलेलं नाही.

१६ ऑगस्ट
गोकुळदासकडे साखर आणायला गेलो तर साखरेबरोबर बातमी मिळाली. बाबलीने, म्हणजे आमच्या दादाने, चित्रशाळेत नवा पाट दिलाय. मूर्ती घरच्या पाटावर घडते. आमचा पाट एकच, आजोबांचा. दरवर्षी दादा येऊन तो माळ्यावरून काढतो आणि चित्रशाळेत पोचवतो. घरी येऊन मान वर करून बघितलं. जुना पाट माळ्यावरच!

म्हणजे साहेब गणपती वेगळा करणार. नव्या घरात नवा देव. एका पात्यावरून! आणि मूळ घरातली जागा रिकामी ठेवून मी काय टाळ कुटू?

१७ ऑगस्ट
चित्रशाळेत गेलो. कृष्णनाथांकडे एकच मूर्ती उरलेली, लहानशी, त्यांच्याच पाटावर तयार. वहीत माझं नाव लिहिताना म्हणाले, "बाबलीक विचारलां मरे? एकदां वेगळो केलो काय परत एकठांय जायना. मागीर दर वर्सा हाडूंक जाय."

विचारलं, म्हटलं. खोटं बोललो. त्याने मला विचारलं होतं?

शुभांगी म्हणाली, जाऊन एकदा बोला तरी. मी कशाला? धाकट्यानेच नेहमी का जायचं?

२४ ऑगस्ट
दादाने सकाळीच सगळं आंगण कापलं. माझी बाजूसुद्धा! त्याच्या त्या आयुष्यभराच्या पात्याने. मुद्दाम. परवापर्यंत माझ्या दारातलं गवतही पिवळं.

२६ ऑगस्ट
दुपारीच गणपती आणला. शुभांगी आणि मी, दोघंच. दादा वयनीला घेऊन बाजारात गेला होता, ते बरंच झालं. नेहमीच्या जागी, फळं-भाज्या टांगलेल्या माटोळीखाली बसवला. नेहमी आणताना घुमट, आमचं ते मातीचं वाद्य, वाजतं. आज रिक्षाचा आवाज होता.

संध्याकाळी दादा दारात. बाहेरूनच विचारलं, उद्या सकाळी चित्रशाळेत किती वाजता जायचं? मूर्ती दरवर्षीप्रमाणे मीच उचलायची, त्याची कंबर धरते. म्हणाला, जुना पाट खालून कुसलाय, गेल्या विसर्जनाला वर ठेवताना त्याने पाहिलं होतं, म्हणून नागपंचमीला नवा करून दिला.

नागपंचमी. तेव्हा पातं तुटलंसुद्धा नव्हतं.

मी दारातून हललो नाही. पण त्याला दिसलंच. चपला काढून आत आला. माझ्या गणपतीला हात जोडले. मग माझ्याकडे वळला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आनी आमचो?" त्याने विचारलं. "तो आतां खंय बसोवं रे?"