‘कायम फिट’ हा शेरा काढणे, मात्र सोबत चालू ठेवणेबाबत

प्रति,
मा. जनरल मॅनेजरसाहेब,
भवानीमाळ सहकारी साखर कारखाना,
तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

अर्जदार : मानसिंग आबाजी खारतोडे, बी. एस्‌सी., हंगामी सहायक केमिस्ट, मूळ राहणार कळस, हल्ली बारदान गोदाम.

विषय : अर्जदारास फिट येत नसल्याबद्दल व अर्जदार फिट असल्याबद्दल.

संदर्भ : १) अर्जदाराचा श्रावणातील अर्ज. २) त्यावरून निघालेला आस्थापना शाखेचा हुकूम.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार अदबीने कळवतो की, हा अर्ज तो रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसून लिहीत आहे. प्रयोगशाळेत जाण्यास त्याला मनाई आहे. ऊस टाकायच्या गव्हाणीजवळ, बॉयलरजवळ, विहिरीच्या काठी आणि कोणत्याही जिन्यावर जाण्यासही मनाई आहे. गाळप दिवाळीनंतर सुरू व्हायचे, प्रयोगशाळेतील कायम नेमणुका त्याआधी व्हायच्या, आणि अर्जदाराचे नाव त्यांतून गळण्याच्या बेतात आहे. याचे कारण अर्जदाराचा आजार नसून त्याने वापरलेला एक शब्द आहे. साहेबांनी हा प्रकार शांतपणे वाचावा. अर्जदाराला तो शांतपणे लिहिता येईलच असे नाही.

१. गेल्या हंगामात अर्जदाराच्या ध्यानात आले की, प्रयोगशाळेतील मंडळी स्टुलावर बसून बसून आखडत चालली आहेत. कोणाची मान धरलेली, कोणाला आंबट ढेकर, आणि सगळ्यांचा पारा चढलेला. व्यायाम करण्याचे ठरवत सगळेच, पण टिकत कोणी नसे. ते का टिकत नाही याचे अर्जदारास कुतूहल वाटले. त्याने पाहिले ते असे : सकाळी ज्याच्यावर कोणी खेकसले तो त्या दिवशी व्यायाम सोडे, आणि ज्याला कोणी ‘चल रे’ म्हटले तो दुसऱ्या दिवशीही येई. दंडबैठकांची संख्या, दूध, खारीक यांचा त्याच्याशी फारसा संबंध दिसला नाही. म्हणून सकाळच्या भोंग्याआधी प्रयोगशाळेमागच्या मोकळ्या जागेत सर्वांनी मिळून व्यायाम करण्यास परवानगी मिळावी, असा अर्ज त्याने केला. इंग्रजी शब्दाने वजन पडेल अशा समजुतीने त्याने त्यात पुढील वाक्य घातले :

“अर्जदार स्वतः कायम फिट असतो. प्रयोगशाळेतील इतरांचेही तसेच व्हावे अशी त्याची इच्छा आहे.”

‘तंदुरुस्त’ हा शब्द त्याला येत होता.

२. हेडक्लार्क मोहनराव यांनी हे वाक्य वाचले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. आपल्याकडे फिट म्हणजे माणूस तोंडाला फेस येऊन पडतो ती. मोहनरावांचा धाकटा भाऊ मोटेवर काम करताना फिट येऊन विहिरीत गेला, ही गोष्ट अर्जदारास नंतर कळली. त्यामुळे हुकूम काढण्यात त्यांचा वाईट हेतू होता असे अर्जदार स्वप्नातही म्हणणार नाही. त्यांनी अर्जदाराला बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, “खारतोडे, लपवणारे लई बघितले. तुमी लेखी कबूल केलंत, ह्याला काळीज लागतं. पन इतरांना बी व्हावी असं का लिवलंत? असं कुनाचं वाईट चिंतू न्हाय.”

अर्जदाराने दोन्ही अर्थ फोड करून सांगितले. बोलता बोलता त्याचा आवाज चढला आणि हात थरथरला. तेवढ्यावर मोहनरावांनी शिपायाला हाक मारली, “आरं, चप्पल आन, चामड्याची!” अर्जदाराने ती हुंगेपर्यंत त्याला सोडले नाही. त्याच दिवशी अर्जदाराच्या नावापुढे ‘कायम फिट’ असा शेरा पडला आणि गोदामात बदलीचा व वरील मनाईचा हुकूम निघाला.

३. मग अर्जदार दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी छाती, नाडी, डोळे, गुडघे सर्व तपासले आणि हसत हसत इंग्रजीत दाखला दिला. त्यात एकच ओळ आहे : ‘एक्झामिन्ड अँड फाउंड फिट.’ अर्जदार तो घेऊन अक्षरशः पळत कचेरीत आला. मोहनरावांनी चष्मा पुसून दाखला दोनदा वाचला. “फाउंड म्हंजी सापडली,” ते हळू आवाजात म्हणाले. “डॉक्टरसायबांना बी सापडली. आता वाद कशाला?” पुन्हा दाखल्यासाठी डॉक्टरांकडे जावे, तर ते रजेवर गावी गेले आहेत.

४. तेव्हापासून अर्जदाराला कोणी कामावर ओरडत नाही, आणि त्याच्याशी कोणी नीट बोलतही नाही. खानावळीच्या चंद्राबाई त्याच्या ताटाशेजारी फोडलेला कांदा ठेवतात. तो खाण्यासाठी नसून हुंगण्यासाठी आहे. अर्जदाराने जांभई दिली तरी पंगत जेवायची थांबते. सूर्यनमस्कारासाठी तो जमिनीकडे झुकला की दोघे धावून येतात आणि त्याला बखोटीला धरून उभा करतात. कळसला बातमी गेली, तेव्हा अर्जदाराची आई कुशाबाई आधी मोरगावच्या गणपतीला जाऊन, अंगारा घेऊन, एस.टी.ने इथे आली. “लेकरा, कॉलेजात असताना बी येत हुती का रं? मला का न्हाय कळवलंस?” एवढेच विचारून ती पदराने डोळे पुसत बसली. आपल्याला काही झालेले नाही हे अर्जदाराने शपथेवर सांगितले. ती म्हणाली, “व्हय रं बाबा, व्हय,” आणि अंगारा लावला.

येथे अर्जदारास एक गोष्ट शास्त्राच्या विद्यार्थ्याप्रमाणे खरी सांगणे भाग आहे. त्याची झोप उडाली आहे. अन्न नकोसे झाले आहे. थप्पीवर बसला तर उठावेसे वाटते, उठला तर कोठे जावे कळत नाही. मध्यंतरी तो आपलीच नाडी सारखी पाहू लागला होता. धडधाकट माणसाकडे सगळ्यांनी रोगी म्हणून पाहिले, तर त्याची प्रकृती बिघडू लागते, हा प्रयोग अर्जदारावर होऊन गेला आहे. तो पुन्हा करून पाहण्याची गरज नाही.

५. परंतु त्याच हुकुमात एक कलम असे आहे : ‘अर्जदारास एकटे सोडू नये. पहारेकरी गेणबा यांनी सोबत राहावे.’

गेणबा पन्नाशीचा आहे. पोट सुटलेले, दम लागणारा. अर्जदार पहाटे कालव्याच्या भरावावरून पळू लागला की तो मागून कांदा आणि वहाण घेऊन पळे आणि शिव्या देई. “आवो फिटवालं सायेब, तुमाला यायच्या आधी मलाच यील की!” अर्जदारास थांबावे लागे. थांबला की गेणबा गाठे, दोघे बाभळीखाली बसत, आणि अर्जदार त्याला श्वास कसा घ्यावा ते सांगे. पुढे गेणबाने वहाण खोलीवरच ठेवली. पुढे कांदाही राहिला. एके सकाळी अर्जदारच अंथरुणातून उठेना, तेव्हा गेणबा दार ठोठावत म्हणाला, “उठा की! डूटी हाय माजी!”

त्या सकाळी अर्जदाराला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

मग बॉयलरवरचा दत्तोबा ‘गेणबा कसा पळतो’ हे पाहायला म्हणून आला. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. त्याच्या मागून सुतारखात्यातले दोघे आले. सगळ्यांचे सांगणे एकच : फिटवाल्या साहेबाला एकटं सोडायचं न्हाय, हुकूम हाय. श्रावणातल्या अर्जात अर्जदाराने जे मागितले होते ते असे त्याला मिळाले आहे, फक्त त्याला आजारी ठरवून.

आता अडचण अशी. अर्जदार हा अर्ज लिहिणार हे कळल्यावर गेणबाचा चेहरा पडला. तो म्हणाला, “सायेब, तुमची फिट गेली म्हंजी माजी डूटी बी गेली. मग पहाटंचं मी कशापायी पळू? माज्या वयाचा गडी उगंच पळाया लागला तर गाव म्हनंल, कुनाचं काय चोरलं का कुत्रं मागं लागलं. आता कुनी इचारलं तर सांगतो, कारखान्याचा हुकूम हाय.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “जिना चढताना दम लागत न्हाय आता. घरात बोललो न्हाय मी कुनाला.”

अर्जदार यावर बराच फिरला आहे. गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गेणबा मागे. शेरा राहिला तर अर्जदाराची प्रयोगशाळा जाते. शेरा काढला तर या माणसांची सकाळ जाते. दोहोंपैकी एकच मागावे असे त्याला वाटत होते. पण पाहता पाहता त्याला दिसले की हुकुमात दोन गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. आजार खोटा आहे. सोबत खरी आहे.

६. सबब विनंती की, अर्जदाराच्या नावापुढील ‘कायम फिट’ या शेऱ्यातील ‘फिट’ खोडून फक्त ‘कायम’ ठेवावे व त्यास गाळपापूर्वी प्रयोगशाळेत घ्यावे. सोबतीचे कलम मात्र रद्द न करता पुढील शब्दांत दुरुस्त करावे : ‘कारखान्याच्या आवारात सकाळच्या वेळी कोणाही कामगारास एकटे सोडू नये.’ कारण लिहिण्याची आवश्यकता नाही. कारण विचारले गेल्यास हुकूम आहे एवढे पुरते, हे वर आलेच आहे. मोहनरावांसही या हुकुमात घ्यावे. दुसऱ्याच्या जिवाची एवढी धास्ती घेणारा माणूस दिवसभर खुर्चीत एकटा बसून असतो, हे बरे नव्हे.

अर्जदाराने हे समक्ष येऊन सांगितले असते. पण साहेबांची कचेरी माडीवर आहे आणि जिना चढण्यास त्याला मनाई आहे. गेणबास वर पाठवावे, तर अर्जदार खाली एकटा पडतो आणि हुकूम मोडतो. म्हणून हा अर्ज झाडलोट करणाऱ्या सरुबाईंच्या हाती वर दिला आहे. साहेबांनी वाचून झाल्यावर खिडकीतून खाली पाहिल्यास अर्जदार दिसेल. तो उभा आहे.

आपला आज्ञाधारक आणि धडधाकट,
मा. आ. खारतोडे
भवानीमाळ, आश्विन वद्य चतुर्थी, सन १९५७

सोबत :
१. दवाखान्याचा दाखला.
२. गेणबा (जिन्याखाली).