स्नोमोबिल, स्टेटस ग्रीन

१२ ऑक्टोबर, दसरा

स्नोमोबिलची, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या स्कूटरची, पूजा केली. गेल्या महिन्यात सेकंडहँड घेतली, तेव्हापासून गॅरेजात उभी आहे. अमेरिकेतल्या या बॉथेल गावात एवढी मराठी माणसं, पण दसऱ्याला सगळे त्याच त्या कारला हार घालणार. कल्पनाशक्ती शून्य. मी हँडलला झेंडूचा हार घातला आणि बॉनेट उघडून अक्षता आणि खोबऱ्याची वाटी थेट इंजिनजवळ ठेवली. देव आत असतो, पत्र्यावर नसतो. इंजिन गारठू नये म्हणून वर सोलापुरी चादर पांघरली आणि बॉनेट लावलं.

लेकीला, अनिकाला, सांगितलं, फेब्रुवारीच्या लाँग वीकेंडला तुला डोंगरावर स्नोमोबिलवरून फिरवणार. ती चौदा वर्षांची आहे. हल्ली माझ्याबरोबर कुठे जायचं म्हटलं की तिला होमवर्क आठवतो. आज मात्र फोनमधून मान वर काढली आणि म्हणाली, ओके, इफ इट वर्क्स.

इफ म्हणे. पण मान वर काढली, हे नोंदवून ठेवतो.

१३ ऑक्टोबर

शेजारचे प्रताप काका गाडी बघून गेले. वय चौऱ्याहत्तर, रिटायर्ड इंजिनियर, चाळीस वर्षं अमेरिकेत, त्यातली निम्मी बर्फाळ मिनेसोटात. त्यांचीही एक स्नोमोबिल आहे. माझ्या टीममधली अर्धी पोरं तिच्यापेक्षा लहान असतील. सीटला चिकटपट्टी. म्हणाले, आतलं खोबरं, तांदूळ काढून टाक, उंदीर येतात.

चाळीस वर्षं झाली तरी माणसाच्या डोक्यातली चाळ जात नाही. आमच्या सोसायटीची कमिटी परवानगीशिवाय मेलबॉक्सचा रंग बदलू देत नाही. उंदीर येऊ देईल?

९ नोव्हेंबर

मेंटेनन्सला शास्त्रशुद्ध सुरुवात. स्प्रेडशीट केली. तेवीस टास्क, ओनर, ड्यू डेट, रंग: झालेलं काम ग्रीन. ओनरच्या कॉलममध्ये तेवीस वेळा माझंच नाव आलं. या घरात दुसरं आहेच कोण?

काका त्यांच्या गॅरेजात जमिनीवर बसून ग्रीस भरत होते. कागद नाही, शीट नाही. केलेलं काम कळणार कसं लोकांना?

३० नोव्हेंबर

टास्क ४, ऑइल चेंज. दोन तास खाली पडून टॉर्च मारला. ऑइल काढायचं बूच सापडलं नाही. कंपनी बूच द्यायला विसरली आहे. त्यांना सविस्तर ईमेल लिहिली, तीन सूचनांसह.

काका म्हणाले, हे टू-स्ट्रोक इंजिन, ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, बदलायचं नसतं. म्हणजे कंपनीची चूक ही माणसं मुकाट्याने पचवतात. टास्क ४ ग्रीन.

२१ डिसेंबर

आज एका बैठकीत नऊ टास्क ग्रीन. पट्टा तपासणे: पट्टा कसा तपासतात त्याचा व्हिडिओ पाहिला. ग्रीन. ग्रीस भरणे: ग्रीस ऑर्डर केलं. ग्रीन. हवेचा डबा (इंजिनात हवा इथूनच जाते) साफ करणे: त्यासाठी चादर काढावी लागते आणि चादर छान बसली आहे. मुद्दाम घाण का करायची? ग्रीन.

शुभाने विचारलं, एकदा तरी चालू करून पाहिलीस का? बायको क्यूएमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, असली की हा जाच. चांगल्या कामात खोट काढायचा पगार मिळतो त्या लोकांना. मी सांगितलं, ज्याला स्वतःच्या कामावर भरवसा नाही त्याने टेस्ट करावं.

१८ जानेवारी

गॅरेजात खुडबुड ऐकू येते. वॉटर हीटर जुना झाला आहे. शुभाला सांगितलं, तो बदलायला हवा. तिने गॅरेजचं दार नीट लावून घेतलं.

अनिकाने स्वतःहून विचारलं, आर वी स्टिल गोइंग? अख्ख्या आठवड्यात तिने मला विचारलेला हा एकच प्रश्न. मी तिला शीट दाखवली. तेवीसच्या तेवीस ग्रीन. तिने मैत्रिणीला फोटो पाठवला. शीटचा नाही, हेल्मेटचा. तरी बरं वाटलं. खूपच बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

उद्या निघायचं. ट्रक आणि ट्रेलर काकांचे. त्यांनाही म्हटलं, चला, आपलं डबडं घेऊन. दोन्ही गाड्या मावतात. म्हाताऱ्याला तेवढीच करमणूक. ते म्हणाले, चढवायच्या आधी एकदा स्टार्ट करून बघू. मी म्हटलं, इंजिन बर्फासाठी राखून ठेवलंय. मग ढकलून चढवली. कंबर धरली आहे. व्यायाम नसलेल्या लोकांबरोबर काम करायचं म्हणजे हे असंच.

१५ फेब्रुवारी, सकाळी ११.४०, काकांच्या ट्रकमध्ये

सविस्तर लिहायची इच्छा नाही.

डोंगरावर पोचलो, बटण दाबलं. खोकली, धूर सोडला, वीसेक फूट गेली आणि बंद पडली. अनिका मागे बसली होती. पार्किंगमधले सगळे बघत होते. पुन्हा बटण. पुन्हा. मी म्हटलं, इथल्या हवेत ऑक्सिजन कमी आहे. काकांनी बॉनेट उघडलं.

खोबरं नाही. अक्षता नाहीत. चादर अर्धी. कुरतडलेल्या अर्ध्या चादरीचा कापूस हवेच्या डब्यात ठासलेला, त्यात झेंडूच्या पाकळ्या, आणि मधोमध उंदराची पाच पिल्लं. गुलाबी. डोळेही न उघडलेली.

सांगितलं होतं ना, असं काका म्हणाले असते तर मी उत्तर तरी दिलं असतं. त्यांनी स्वतःची लोकरी टोपी काढली, पिल्लं घरट्यासकट तिच्यात ठेवली आणि ट्रकचा हीटर लावला. मग त्यांनी आपलं चिकटपट्टीवालं डबडं सुरू केलं. एका दमात झालं.

अनिका त्यांच्या मागे जाऊन बसली. हेल्मेटची काच वर करून मला म्हणाली,

"बाबा, यू स्टे इन द ट्रक विथ द बेबीज, ओके?"

ओके म्हणालो. टोपी मांडीवर आहे. बाहेरून तिच्या हसण्याचा आवाज येतो, लांब जातो, परत येतो. असं हसणं मी दोन वर्षांत ऐकलेलं नाही. वाईट वाटतंय. हवेमुळे नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

शीट उघडली. चोविसावी ओळ घातली: उंदीर. ओनरच्या कॉलममध्ये माझं नाव. रंग ठरेना. मग वरचे तेवीस रंगही काढून टाकले.

रात्री जेवताना अनिका मराठीत बोलली. शुभाने घास खाली ठेवला.

"बाबा, शनिवारी काका मला पट्टा बदलायला शिकवणार आहेत. तू पण ये. तुलाही येईल."

मी म्हटलं, कॅलेंडर बघून सांगतो.

बघितलं. शनिवार मोकळा आहे.