बुटांच्या गाण्यातला वाटा

मी, खाली सही करणारी डीना फे स्टॅलकप, वय शेहेचाळीस, व्यवसाय गाणी लिहिणे, मुक्काम नॅशव्हिल, राज्य टेनेसी, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि सकाळपासून मी दोन कप कॉफीखेरीज काहीही घेतलेले नाही. येत्या गुरुवारी माझ्या गळ्यातली गाठ काढायची आहे. डॉक्टर म्हणतात गाठ निरुपद्रवी आहे. माझे वकील श्री. पेटिग्रू म्हणतात की कागद करायचे ते अशा निरुपद्रवी वेळीच करावेत, खऱ्या वेळी कोणाला सुचत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका हॉटेलात कागदी रुमालावर मी जे मृत्युपत्र केले होते ते यापुढे रद्द समजावे. तेव्हा माझ्याकडे द्यायला काही नव्हते आणि ते सगळे मी डग्लसला दिले होते.

कलम एक. माझे राहते घर आणि त्यातली १९६४ सालची गिटार माझ्या बहिणीची मुलगी एमरी हिला द्यावी. एमरी सतरा वर्षांची आहे आणि तिलाही गाणी लिहायची आहेत. गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्या गाण्यांतल्या मुलींना नावं का नसतात गं?" मी म्हटले, असतील की. मग ती झोपायला गेल्यावर मी दहा वर्षांच्या वह्या काढून बसले. एकसष्ट मुली सापडल्या. सगळ्यांचे पाय उन्हाने रापलेले, सगळ्यांच्या विजारी तोकड्या, सगळ्या कोणाच्या तरी ट्रकच्या मागच्या फळीवर बसलेल्या. नाव एकीलाही नाही. माझ्या आईच्या काळच्या गाण्यांत बाईला नाव असायचे, नवरा असायचा, भाड्याचे घर असायचे, आणि ती घर सोडून निघाली तर का निघाली हेही कळायचे. माझ्या मुली कुठून आल्या आणि सकाळी घरी कशा गेल्या, मला ठाऊक नाही. मी त्यांना तिथेच बसवून पुढच्या गाण्याकडे गेले.

घरासोबत अट एकच. या घरात लिहिलेल्या गाण्यातल्या बाईला नाव द्यावे. बाकी तिने दारूवर लिहावे, देवावर लिहावे, हवे तर विजारींवरही लिहावे. मी वरून बघायला येणार नाही.

कलम दोन. माझ्या कामाच्या खोलीतला तपकिरी सोफा ब्राइस हॅडॉक आणि टॅनर पुएट या दोघांना मिळून द्यावा. नऊ वर्षे आम्ही तिघे आठवड्यातून दोनदा, सकाळी अकरा वाजता, त्या खोलीत गाणी लिहायला बसलो. आमच्या धंद्यात नियम असा आहे की गाणे होताना जो खोलीत असेल त्याचे नाव गाण्यावर लागते आणि त्याला सारखा वाटा मिळतो. कोणी अख्खे कडवे लिहिले, कोणी नुसते "वा" म्हटले, हे कोणी मोजत नाही. मोजायला लागले तर उद्यापासून कोणी कोणाबरोबर बसणार नाही. नियम चांगला आहे. टॅनरने एका गाण्याला नुसती बटाट्याच्या कापांची पिशवी आणली होती आणि ते गाणे अजून वाजते.

ब्राइससाठी एक निरोप. "डीना, दुसऱ्या कडव्यात जरा अंग दिसू दे ना," हे वाक्य तू मला नऊ वर्षांत किमान शंभरदा म्हणालास. पहिल्यांदा मला राग आला होता. नंतर मी ते तुझ्याआधी म्हणायला लागले. त्याचा राग मला स्वतःचा आहे, तुझा नाही. सोफ्याची डावी बाजू खचली आहे, ती तुझी.

कलम तीन. माझा माजी नवरा डग्लस याने जाताना कुत्रा, होडी आणि चांगले मित्र नेले. राहिलेले कपडे धुण्याचे यंत्र आता त्याला द्यावे. ते पिळायला लागले की खोलीभर चालत सुटते आणि दाराशी जाऊन थांबते. दोघांचे जमेल.

कलम चार. एका रेडिओ केंद्रावरच्या गृहस्थांनी, ज्यांचे नाव मी येथे घेत नाही कारण त्यांना ते ऐकायला आवडेल, २००८ साली मला समजावले होते की दोन बायकांची गाणी लागोपाठ वाजवली की ऐकणारा केंद्र बदलतो. माझ्या अंत्यविधीला त्यांना आग्रहाचे बोलावणे द्यावे, पुढच्या रांगेत बसवावे, आणि सात बायकांची सात गाणी लागोपाठ वाजवावीत. दार लावून घ्यावे.

कलम पाच. (हे कलम काट मारून रद्द केले आहे. समासात माझी आद्याक्षरे आहेत. वाचता येईल असेच ठेवले आहे.)

माझी आई नोरीन स्टॅलकप, वय एकाहत्तर, मुक्काम कॉटर्स बेंड, हिला माझ्या घरातले काहीही नको आहे, असे तिने मला वेळोवेळी सांगितले आहे. "माझी भांडी मला आहेत," असे तिचे शब्द. म्हणून तिला फक्त एकच गोष्ट देते, आणि ती मुळात तिचीच आहे.

२०१३ साली आम्ही तिघांनी लिहिलेले एक गाणे फार चालले. सगळे त्याला बुटांचे गाणे म्हणतात. लग्नांत वाजते, फुटबॉलच्या मैदानात वाजते, आणि अठरा वर्षांची पोरे दोन्ही हात वर करून ओरडतात: "बूट दाराबाहेर काढ राजा, बाकीचं मी बघते." गाण्यात ही ओळ एक बिननावाची मुलगी नदीकाठी म्हणते. सगळ्या राज्याने ती चावट म्हणून ऐकली आणि ती चावट आहेच.

ती ओळ मी लिहिलेली नाही. माझे वडील हॉयट बोअरवेल खोदायचे. संध्याकाळी परत आले की कपाळापासून टाचेपर्यंत लाल चिखल. १९८६ साली मी तेरा वर्षांची होते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर गणिते करत होते आणि वाटीतला घेवडा खात होते. वडील मागच्या दाराशी उभे राहिले आणि आई चुलीशी उभी राहून, मागे न वळता, ते वाक्य म्हणाली. वडील इतके हसले की त्यांना दाराला धरावे लागले. मला तेव्हाही कळले होते की ती चिखलाबद्दल बोलत नाही. मी मान खाली घालून तेच गणित तीनदा सोडवले.

सत्तावीस वर्षांनी कामाच्या खोलीत आम्ही अडलो होतो, तेव्हा मी ते वाक्य माझे म्हणून टाकले. ब्राइस उठून उभा राहिला.

त्याआधी माझे प्रत्येक गाणे झाले की मी पहिल्यांदा आईला फोनवर म्हणून दाखवायचे. ती भांडी घासता घासता ऐकायची आणि "ठीक आहे" किंवा "मधे लांबलंय" एवढेच सांगायची. बुटांचे गाणे मी तिला म्हणून दाखवले नाही. तिने ते केस कापायच्या दुकानात, डोक्याला फडके गुंडाळलेले असताना, चार बायकांच्या समोर ऐकले. त्यानंतर सहा वर्षे तिने माझे एकही गाणे ऐकायला मागितले नाही. येते, जेवते, माझ्या खिडक्या पुसून जाते. गाडीत बसली की रेडिओ बंद करते. मी एकदा चिडून म्हटले, "आई, तुझ्या त्या जुन्या लोकगीतांत तर मुलीला नदीत बुडवून मारतात, आणि ते तू आम्हाला मांडीवर घेऊन म्हणायचीस. माझ्या गाण्यात कोणी नुसते बूट काढले तर काय बिघडलं?" ती म्हणाली, "त्या मुलीचं नाव तरी ठाऊक होतं सगळ्यांना." मी समजले, चर्चमध्ये तिला माझी लाज वाटते.

तरी धंद्याचा नियम मी तिला लावते. ते वाक्य ज्या खोलीत झाले ती खोली म्हणजे आमचे स्वयंपाकघर. त्या खोलीत आई होती. सबब माझ्या मृत्यूनंतर बुटांच्या गाण्यातला माझा वाटा आईला द्यावा आणि गाण्यावर तिचे नाव लावावे. जिवंतपणी लावत नाही, कारण तिला चर्चमध्ये मान वर करून बसता यावे.

कलम पाच रद्द का झाले. वकिलांनी सांगितले आहे की काट मारली तर कारण लिहावे, म्हणून सविस्तर लिहिते.

वरचा मजकूर मी शनिवारी लिहून टेबलावर ठेवला होता. रविवारी दुपारी चर्च सुटल्यावर आई चाळीस मैल गाडी हाकत आली. हातात कोंबडीच्या रश्श्यातल्या उकडीच्या गोळ्यांचे पातेले. शेजारचे वायली टर्नर तेव्हा शिडी परत द्यायला आले होते. आईने पातेले ठेवायला जागा केली आणि कागद उचलले.

"हे काय गं?"

"मृत्युपत्र."

"गाठ बारीक आहे म्हणालीस ना?"

"बारीकच आहे. वकील म्हणाले—"

"वकिलाला कागदच लागतात. चष्मा दे माझा."

मी म्हटले, वाचू नकोस. तिने चष्मा स्वतःच काढला. डग्लसच्या यंत्राला ती हसली. मग पाचव्या कलमावर आली आणि खुर्ची ओढून बसली. वायलींना निघायचे होते, पण दार आईच्या पाठीमागे होते.

तिने ते दोनदा वाचले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितले.

"मला चर्चमध्ये लाज वाटते असं कोणी सांगितलं तुला?"

"तू गाणं ऐकत नाहीस."

"ऐकायचं काय त्यात? मला पाठ आहे ते. मीच म्हटलंय." कागद तिने टेबलावर ठेवला, त्यावर हात ठेवला. "डीना, त्या दुकानात मी बसले होते. गाणं लागलं आणि हॉयट दारात उभा राहिला माझ्यापुढे, चिखलासकट. पाच वर्षं झाली होती त्याला जाऊन. मला वाटलं, पोरीने बापाची आठवण ठेवली. आणि मग तो रेडिओवाला सांगतो की हे गाणं लिहिलंय कोणी टोपीवाल्या दोघांनी आणि तू. आमचं होतं गं ते. त्याचं आणि माझं. बक्षीस घ्यायला ती पोरं गेली, आणि मी टीव्हीपुढे."

मी म्हटले, "तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

वायली शिडीकडे बघत राहिले.

"नाव लावलं तर ब्रदर डेल काय म्हणतील?" मी विचारले. ब्रदर डेल हे तिच्या चर्चचे पाद्री.

"काय म्हणतील? नवऱ्याला म्हटलंय मी, शेजाऱ्याला नाही. माफ करा हं वायली."

"नाही, नाही, बरोबर आहे तुमचं," वायली म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

"आणि हे काय लिहिलंस, मृत्यूनंतर? त्या पोरांना जिवंतपणी मिळतं, नुसतं वा वा करून. मला तू मरायची वाट बघायला लावतेस? फोन लाव त्याला. आत्ता."

मी ब्राइसला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. सगळे सांगितले. स्वयंपाकघर, चिखल, गणिते. वाटा माझ्यातला निम्मा जाईल, तुमच्या दोघांच्या वाट्याला हात नाही, फक्त चौथे नाव लागेल, तेही सांगितले.

"मिस नोरीन," तो म्हणाला (आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला, लग्न झालेले असले तरी, आदराने मिस म्हणतात), "तसं नाही म्हणत मी, पण नियम आहे हो आमचा. तुम्ही खोलीत नव्हता."

आई फोनकडे वाकली. "बाळा, माझ्या खोलीत तू नव्हतास."

पलीकडून हसू आले, आणि ते ब्राइसचे नेहमीचे मोठे हसू नव्हते. "लावा नाव, मिस नोरीन. पहिलं तुमचंच लावा. टॅनरला मी सांगतो. माझ्या आईला कळलं की मी नाही म्हणालो, तर मला या वर्षी सणाला घरात घ्यायची नाही."

त्यानंतर आम्ही तिघांनी उकडीचे गोळे खाल्ले. वायलींनी दोनदा घेतले. भांडी घासताना आईने मागे न वळता विचारले, सध्या काय लिहितेस. मी तिला एक अर्धे गाणे म्हणून दाखवले. गाठीमुळे वरचे सूर लागत नव्हते. गाण्यातल्या बाईचे नाव अजून ठरलेले नाही, पण असणार आहे. तिने संपेपर्यंत ऐकले.

"मधे लांबलंय," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी आम्ही वकिलांकडे जाऊन नावाचा आणि निम्म्या वाट्याचा कागद केला, ब्राइस आणि टॅनर यांच्या सह्या आल्या. तेव्हा पाचव्या कलमात द्यायला काही उरले नाही. माझा उरलेला निम्मा वाटा आणि इतर गाण्यांमध्ये जे काही माझे असेल ते माझ्यामागे एमरीला द्यावे.

साक्षीदारांविषयी. वकिलांनी बजावले आहे की ज्याला या कागदाने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. श्री. वायली टर्नर यांना मी काही दिलेले नाही, कारण त्यांचा कोंबडा पहाटे चारला आरवतो आणि तो त्यांनी आवरलेला नाही. दुसरा साक्षीदार मिळेना. मग वकिलांनी कागद पुन्हा वाचला आणि म्हणाले की काट मारल्यावर माझ्या आईला या मृत्युपत्राने एक चमचाही मिळत नाही. आई म्हणाली, "आणा इकडे पेन."

वरील सर्व मी माझ्या हाताने लिहिले आहे, पुन्हा वाचले आहे आणि ते मला मान्य आहे. खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि त्यांनी माझ्या समोर.

ठिकाण: नॅशव्हिल, टेनेसी
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१९

(सही) डीना फे स्टॅलकप

साक्षीदार:

१. (सही) वायली टर्नर, वय अडुसष्ट, व्यवसाय निवृत्त टपालवाहक. कोंबड्याचे बघतो.

२. (सही) नोरीन स्टॅलकप, वय एकाहत्तर, व्यवसाय गीतकार.